हरलेल्यांची वही

सही बघून बटण खदखदून हसली.

बुधवारची दुपार होती. दारात कुरिअरवाला उभा होता आणि वडील त्याच्या पावतीवर सही करत होते. पार्सल खरं तर बटणच्या आईचं होतं, हातोड्यांचे दोन नवे दांडे. पण घरात कुठलीही सही करायची असली की वडील पुढे व्हायचे, तो त्यांचा मान. ती बेसिनपाशी हाताला साबण लावत होती आणि आरशातून तिला दार दिसत होतं. वडिलांनी पेन टेकवलं ते पावतीच्या पार मध्यावर. डावीकडची अख्खी चौकट कोरी राहिली. अक्षरं उजवीकडे घसरत गेली, कागद संपला, पेन कुरिअरवाल्याच्या अंगठ्यावर चढलं आणि तिथून पुढे हवेत आणखी दोन अक्षरं लिहून थांबलं. "आजोबा, पार्सलबरोबर मलाही ठेवून घेताय की काय?" कुरिअरवाला अंगठा पँटला पुसत म्हणाला. वडील हसले, पण अर्ध्याच तोंडाने. आणि तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने, जिला लहानपणापासून सगळे बटण म्हणतात, त्या पावतीत डोकं घालून आजोबांनीच शिकवलेल्या जाणत्या आवाजात निकाल देऊन टाकला, "मार डोक्यावर बसलाय. कानाच्या वर. हा काही उद्याचा चहा पीत नाही."

"शाब्बास," वडील म्हणाले.

कुरिअरवाला जिना उतरून गेला. तिने नळ बंद केला नाही. पाणी वाहत राहिलं. मुलीचा निकाल बरोबर होता. वडिलांच्या डोक्यावर बसला होता, कानाच्या वर, रविवारी. तीन दिवस हे घरात तिघांना माहीत होतं आणि तिघंही ते पांघरून बसली होती.

सह्या वाचायचा हा खेळ बटणचा नव्हे, तिचा स्वतःचा, तिच्या लहानपणचा. वडील आठवडाभर एका कारखान्यात भोंगा सांभाळायचे आणि रविवारी दुपारी बॉक्सिंगच्या हॉलमध्ये रिंगजवळच्या टेबलावर बसून घंटा वाजवायचे. तीन मिनिटं झाली की घंटा, मग एक मिनिट झालं की घंटा. लोक त्यांना घंटावाला म्हणायचे आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे; उलट जगात नेमक्या वेळी थांबवणारा एक तरी माणूस लागतोच, असं ते म्हणायचे. आई कपड्यांच्या कारखान्यात सहा दिवस मशीन चालवून रविवारी मेल्यासारखी झोपायची, म्हणून पोर घंटावाल्याच्या गळ्यात. पाचव्या वर्षापासून ती त्या टेबलाखाली बसून सामने बघत आली. वरून दिसतात तसे सामने खालून दिसत नाहीत. खालून दिसतात पाय, कॅनव्हासवर पडणारे घामाचे आणि रक्ताचे थेंब, आणि ऐकू येतात ते आवाज. पोटात बसलेल्या ठोशाचा आवाज ओली चादर दगडावर आपटल्यासारखा येतो. जबड्यावरच्याचा येतच नाही, नुसता माणूस खाली येतो. तिला भीती वाटत नव्हती. डोक्यावर वडिलांचं टेबल होतं, आणि वाटलं तेव्हा हे सगळं थांबवायची घंटा तिच्या वडिलांच्या हातात होती, असं तिला वाटायचं. वाटलं तेव्हा नाही, तीन मिनिटं झाली तेव्हाच, हे कळायला तिला पुढे बरीच वर्षं लागली.

सामना संपला की सगळी गर्दी जिंकलेल्याच्या खोलीकडे पळायची आणि हे दोघं बापलेक हरलेल्याच्या. वडिलांचं शास्त्रच होतं. जिंकलेला शंभर सह्या करतो आणि शंभरही सारख्याच. त्या जमवायच्या तर रबरी शिक्का काय वाईट? हरलेला एकच सही करतो आणि तिच्यात त्याचा अख्खा सामना उतरतो. पण हरलेला कुणाला जवळ करत नाही. तो पोराला मात्र हाकलत नाही, म्हणून वही तिच्या हातात आणि वाक्य तिच्या तोंडात. "काका, खरं तर तुम्हीच जिंकायला हवं होतं." हे वाक्य वडिलांनी तिच्याकडून आरशासमोर घोटून घेतलं होतं, डोळे कुठे उचलायचे, आवाज कुठे पाडायचा यासकट. ते ऐकून एकेक आडदांड माणूस विरघळायचा. कुणाचा डोळा जांभळ्या पिशवीसारखा मिटलेला, कुणी बादलीत रक्त थुंकत असायचा, एकाच्या तळहातावर त्याचाच दात होता आणि तो दात शेजारच्याला धरायला देऊन त्याने सही केली होती. बँडेज न सोडलेल्या हातात पेन धरलं की अक्षर कसं येतं हे तिला शाळेतल्या बाराखडीच्या आधी माहीत झालं. घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडायची आणि भिंग घेऊन दोघांनी वाचायचं. ही दांडी थरथरली, म्हणजे बरगडी गेली. ही वेलांटी दोनदा काढली, म्हणजे एकाचे दोन दिसत होते. इथे कागद फाटला, तो मारानं नाही, रागानं. तिचा निकाल बरोबर आला की वडील "शाब्बास" म्हणायचे आणि तिच्या डोक्यावर हात ठेवायचे. तेवढ्या एका शब्दासाठी तिने जगातली सगळी माणसं मार खाताना बघितली असती. वडिलांनी तिच्यावर कधी हात उगारला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. मार होता तो सगळा वहीत.

त्या वहीत बदकाच्या चार सह्या होत्या. पाय फाकवून चालायचा म्हणून तो बदक. वरचेवर हरायचा, त्यामुळे त्याची नि तिची चांगली ओळख. "आलीस का गं, माझी हार वेचायला?" असं विचारून तो तिचं नाक चिमटीत धरायचा. पाचव्या सहीच्या दिवशी तो सहा राउंड उभा राहिला होता, आणि सहाव्यात त्याच्या उजव्या कानावर बसलेला ठोसा तिने टेबलाखालूनही ऐकला होता. खोलीत तो बाकावर बसला होता, एकटा. तिची नेहमीची जागा त्याच्या डाव्या हाताशी, तिथे ती जाऊन उभी राहिली. तो उजवीकडे बघून म्हणाला, "मुलगी कुठंय? आली नाही आज?" तिने त्याचा डावा दंड हलवला. "मुलगी कुठंय?" तो पुन्हा उजवीकडेच शोधत होता, बाकाखाली वाकून बघत होता, आणि तिला वाटलं, हा आपल्याशी लपाछपी खेळतोय. ती हसायला लागली. पोट धरून हसली. शेवटी वडिलांनी त्याच्या उजव्या हातात पेन दिलं आणि वही मांडीवर ठेवली. त्याने सही सुरू केली ती पानाच्या उजव्या अर्ध्यात. नावाची पहिली दोन अक्षरं पानावर आली, बाकीची वहीवरून उतरून बाकाच्या फळीवर गेली, आणि फळीवर त्याने शेवटची रेघसुद्धा ओढली, झोकात. ती आणखी हसली. वडील हसत नव्हते. त्यांनी भिंगाशिवायच ती सही वाचली होती. त्यांनी बदकाकडे बघितलं, दाराकडे बघितलं. बाहेर बोळात डॉक्टर जिंकलेल्याच्या भुवईला टाके घालत होता, पंधरा पावलांवर. आणि त्यांनी तिचा हात धरला. "चल," ते म्हणाले, "अशी सही पुन्हा मिळायची नाही."

बदक सकाळी उठला नाही. कारखान्याच्या फाटकावर बातमी कळली तसे वडील घरी आले, तिला शाळेच्या गणवेशात समोर उभं केलं आणि गुडघ्यावर बसून मऊ आवाजात म्हणाले, "आपण काल त्याच्या खोलीत गेलोच नव्हतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. कळलं?" तिने मान हलवली. ती नऊ वर्षांची होती आणि तिचे वडील तिच्याकडे प्रथमच काहीतरी मागत होते. तिला भीती वाटली, आणि भीतीच्याही वर अभिमान वाटला. पुढच्या रविवारी वडिलांनी पिशवीतून लाकूड कापायची करवत नेली. हॉल रिकामा व्हायची वाट बघून त्यांनी बाकाच्या फळीचा तेवढा वीतभर तुकडा कापून आणला आणि पानाशेजारी ठेवून बघितला. अक्षर अक्षराला जुळलं. संग्रह पुरा हवा. मग त्याच दुपारी हरलेल्या दुसऱ्या एकासमोर उभी राहून ती डोळे उचलून म्हणाली, "काका, खरं तर तुम्हीच जिंकायला हवं होतं." हे ती पंधरा वर्षांची होईपर्यंत म्हणत राहिली.

पुढे ती गॅरेजमध्ये लागली. ठोकरलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करायचं काम, आतून ठोकळा धरायचा आणि बाहेरून हातोडी. सुरुवातीला बाई म्हणून हसणारे पुरुष आता अवघड दरवाजा आला की गपचूप तिच्याकडे सरकवतात. पत्रा मारानंच वाकतो आणि मारानंच सरळ होतो, फक्त किती जोरात हे हाताला कळायला हवं. जास्त झाला तर फाटतो, कमी झाला तर नुसता आवाज. तिच्या हाताला ते कळतं. वीस वर्षांत तिने एक पत्रा फाडलेला नाही. लग्न केलं, ते मोडलं, आई गेली, वडील तिच्याकडे राहायला आले, आणि तिला बरं वाटलं. का नाही वाटणार? जगात तिच्यावर माया करणारं तेवढंच एक माणूस होतं, आणि ती माया कुठल्या पानातून आली होती हे आठवायला आठवड्यात एकच दिवस, तोही गॅरेज बंद असलेला रविवार.

गेल्या रविवारी जेवणं झाली आणि ती ताटं उचलत होती. वडिलांनी वही काढली. बटणला त्यांनी गेल्या वर्षभरात बरंच शिकवलं होतं, ते तिला माहीत होतं. तिने कानाडोळा केला होता, म्हातारा रमतोय, पोरगी रमतेय. पण बदकाचं पान त्यांनी बटणला कधी दाखवलं नव्हतं. त्या दिवशी दाखवलं. शेजारी फळीचा तुकडाही मांडला. "मग तो काय म्हणाला?" बटणने विचारलं. आणि वडिलांनी खुर्चीत बसून बदकाची नक्कल केली. मान उजवीकडे वळवून, बाकाखाली वाकून, "मुलगी कुठंय? आली नाही आज?" बटण हसत लोळली. "अशीच हसली होती तुझी आई," वडील डोळे पुसत म्हणाले, "अगदी अशीच, पोट धरून."

तिने ताटं खाली ठेवली. घाईने नाही. टेबलापाशी आली आणि तो लाकडाचा तुकडा उचलला. यापुढचं ती तीन दिवस स्वतःला निरनिराळ्या तऱ्हेनं सांगत आली होती. सोमवारी ते पडले होते. मंगळवारी तिने त्यांच्या हातातून लाकूड ओढून घेतलं होतं आणि त्या ओढाओढीत ते पडले होते. आज सकाळपर्यंत तिने त्यांना ढकललं होतं, रागाच्या भरात, कुणाच्याही हातून होईल तसं. आता बेसिनपाशी, वाहत्या पाण्यात हात धरून, तिला तिचा हात आठवला. रागाच्या भरात हात उंच उगारावा लागतो तो नवशिक्यांना. तिने उगारला नव्हता. मनगटातून, कोपर अंगाशी धरून, जागा बघून मारलं होतं. उजव्या कानाच्या वर, दोन बोटं. आणि किती जोरात ते हाताला माहीत होतं. वडील खुर्चीसकट आडवे झाले तेव्हा तिला जे वाटलं त्याला सुख हाच शब्द आहे, दुसरा नाही.

बटणचं हसू तोंडातच राहिलं होतं. "आजोबा पडले," तिने बटणला सांगितलं. "पण तू..." "पडले. खिडकीवर आपटले." आणि जमिनीवरून, डोक्याला हात लावून, वडीलच म्हणाले होते, "पडलोच मी. झाकली मूठ." वर बघून तिच्याकडे हसलेही. त्या हसण्यानं तिची उरलीसुरली हाडं मोडली. कारण त्यानंतरचे तीन दिवस घरात किती गोड गेले! तिने त्यांच्या टेंगळाला बर्फ लावला, त्यांच्या आवडीची खीर केली, रक्त पातळ करायची रोजची गोळी न चुकता दिली. त्यांनीही तिला पूर्वीसारखं शेजारी बसवून जुन्या सह्या दाखवल्या. बापलेकीत पुन्हा एक गुपित होतं, आणि गुपित असलं की दोघांचं नेहमीच चांगलं जमायचं.

तिने नळ बंद केला. वडील दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. ती त्यांच्या डावीकडून गेली आणि तिथेच उभी राहिली.

"ती कुठे गेली?" वडिलांनी बटणला विचारलं, मान उजवीकडे वळवून. "पार्सल बघायला नाही आली?"

बटण हसली नाही. तिला वाटलं, आजोबा पुन्हा नक्कल करताहेत, पण तिने आईचं तोंड बघितलं होतं.

हे सगळं मिटवता येईल, असं तिच्या मनात आलं, आणि ते लाजत आलं नाही, सरळ पुढ्यात येऊन बसलं. काही करायचं नाही. वडिलांना दुपारची झोप लागेल. म्हातारं माणूस, शहात्तर वर्षं, रविवारी पडलं होतं, कोण विचारतो? आणि बदकाचं जे झालं तेच त्यांचं व्हावं यात न्यायसुद्धा होता, म्हटलं तर. उलट बोललं तर गॅरेज जाईल, पोलीस येतील, बटणला कुठे ठेवतील. झाकल्या मुठीत सगळंच राहत होतं. वडील तरी वेगळं काय सांगणार होते? त्यांनी तिला आयुष्यभर तेच तर शिकवलं होतं. तिने वडिलांच्या डाव्या हाताला स्पर्श केला. हात थंड नव्हता, पण कुणाचा नसल्यासारखा मांडीवर पडला होता. मग तिने बटणकडे बघितलं. बटणने ओठ घट्ट मिटून घेतले होते, शहाण्या मुलीसारखे, आणि ती वाट बघत होती, आता काय बोलायचं नाही ते आई सांगेल म्हणून.

"चप्पल घाल," ती बटणला म्हणाली. "दवाखान्यात जायचंय."

टॅक्सीत वडिलांनी कटकट केली. कशाला दवाखाना, झोप झाली नाही एवढंच. एकदा म्हणाले, कितवा राउंड चाललाय? मग एकदम शुद्धीवर आल्यासारखे तिच्या कानाशी वाकले. "पाय घसरला म्हण. डोक्याचं काढूच नकोस. मी बघतो." त्यांचा उजवा हात तिच्या मनगटावर पक्का बसला होता. त्यांना स्वतःला काही होतंय याची भीती नव्हती, तिचं काही होईल याची होती, आणि तिला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की टॅक्सीचा दरवाजा उघडून एकाला तरी बाहेर फेकावं, त्यांना किंवा स्वतःला. तिला ते हवे होते. जिवंत हवे होते. त्यांना मारणारीही तीच आणि त्यांच्यावाचून जगता न येणारीही तीच, हे दोन्ही एकाच छातीत मावत नव्हतं.

दवाखान्यात बाकांवर तीसेक माणसं. टेबलामागे एक तरुण डॉक्टरबाई, चेहऱ्यावर सकाळपासूनचा थकवा. "काय झालं आजोबांना?"

"पाय घसरला," वडील म्हणाले. जीभ जड होती, पण वाक्य घोटून तयार केलेलं होतं. "जमिनीवर बसलो, झालं. हिला उगीच काळजी."

"कुठे लागलं?"

"कुठे नाही."

डॉक्टरबाईंनी कागदावर काहीतरी खरडलं. "अशक्तपणा असेल. बसा तिकडे, नंबर आला की रक्त तपासू. दोन-एक तास लागतील." आणि सवयीनं विचारायचं म्हणून बटणला विचारलं, "तू होतीस का गं घरात? आजोबा कसे पडले?"

बटणने डोळे उचलले. कुठे उचलायचे ते तिला नेमकं ठाऊक होतं. आवाज थोडा पाडून ती म्हणाली, "पडले. मी बघितलं ना. नुसते पडले." आणि मग तिने आईकडे बघितलं, शाब्बास ऐकायला.

"पडले नाहीत," आई म्हणाली.

तिचा आवाज तिलाच परका वाटला. बाकावरची माणसं वळली. "मी मारलं. रविवारी जेवण झाल्यावर. लाकडानं, इथे, उजव्या कानाच्या वर. चुकून नाही. जोरात मारलं. ते रक्त पातळ करायची गोळी घेतात. त्यांना डावीकडचं दिसत नाहीये, डावा हात उचलत नाहीये, त्यांना आत्ता बघा, दोन तासांनी नको."

वडील उठले. उठता येणार नाही असं वाटणारा माणूस टेबलाला धरून उठला आणि त्याने तिला मारलं. उजव्या मुठीने, तोंडावर. आयुष्यात पहिल्यांदा. टेबलाजवळ बसून हजार ठोसे बघितलेल्या माणसाचा ठोसा होता तो, खांद्यातून आलेला. तिची मान मागे गेली, ओठ दातावर फुटला आणि ती भिंतीला टेकली. "खोटं बोलते," वडील ओरडत होते, "खोटं बोलते ही, लहानपणापासून!" त्यांचा डावा पाय वळला, ते कोसळले, आणि दोन माणसांनी त्यांना वरच्यावर धरलं. डॉक्टरबाई खुर्ची मागे लोटून धावत आल्या. त्यांनी वडिलांच्या पापण्या वर केल्या, बॅटरी मारली, आणि कुणाला तरी ओरडून सांगितलं, आधी स्कॅन, सगळं बाजूला ठेवा. मग तिच्याकडे बघून विचारलं, "काय म्हणालात तुम्ही? परत सांगा."

तिने तोंडातलं रक्त गिळलं आणि परत सांगितलं, शब्द न शब्द, दिवस आणि वेळ आणि जागा. वडिलांना स्ट्रेचरवर घेत होते. ते अजून मान उजवीकडे वळवून तिला शोधत होते, शिव्या देत होते, आणि तिला जाऊन त्यांच्या उजव्या बाजूला उभं राहावंसं वाटत होतं. पण बटण भिंतीला चिकटून उभी होती. ती खाली बसली, बटणच्या उंचीला आली. बटणने आईच्या ओठातून हनुवटीवर उतरणारं रक्त बघितलं आणि घाबरून म्हणाली, "मी काय सांगू? काय सांगायचं?"

"तू बघितलंस ते."

स्ट्रेचरची चाकं बोळात दूर गेली.

"आईनं मारलं," बटण म्हणाली, आणि मग दवाखान्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा, रडत रडत, पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "आईनं मारलं, आजोबांना आईनं मारलं," आणि ती तिला जवळ घेऊन प्रत्येक वेळी "हो" म्हणत राहिली.